पन्नीच्या घरातला हिवाळा

आमच्या शेतातल्या पॉलिहाऊसला माय कधी पॉलिहाऊस म्हणाली नाही. ती त्याला पन्नीचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाचं, घर म्हणायची, आणि तिच्यामुळं आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते मोठ्या हौसेनं जरबेरा लावायला उभं केलं होतं. जाफराबादच्या आमच्या बाजूला तोवर कुणी असलं काही केलं नव्हतं, त्यामुळं पहिल्या वर्षी लोक देवळात आल्यासारखे चपला बाहेर काढून आत बघायला यायचे. फुलं आली, चांगली तळहाताएवढी आली, लाल, पिवळी, केशरी. पण आमच्या वस्तीवरून जीपनं जालन्याला आणि तिथून पुढं हैदराबादच्या गाडीत जाईपर्यंत त्यांच्या माना पडायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीनंही साथ सोडली. मग एका सकाळी दादांनी स्वतःच्या हातानं सगळी रोपं उपटून म्हशीपुढं टाकली. म्हशीनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर त्या घराचं काय करावं हे कुणालाच उमगेना. एक वर्ष त्यात कडबा रचला, तो आत घाम येऊन काळा पडला. कापूस वेचून ठेवला तर उंदरांनी त्यात संसार थाटले. कोंबड्या पाळायचं ठरलं, पण चैतातल्या दुपारी त्या चोची उघड्या टाकून पडायला लागल्या तेव्हा त्यांनाही बाहेर काढावं लागलं. फक्त मायला त्याचा उपयोग सापडला होता. कुरडया, पापड, सांडगे ती तिथं वाळवायची, धूळ नाही की कावळे नाहीत. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकाही आपापली वाळवणं घेऊन यायच्या. दादांना ते आवडायचं नाही. ज्या जागेवर त्यांनी फुलं बघितली होती तिथं जुन्या साडीवर कुरडया बघणं त्यांना जड जात असावं. पण मायपुढं बोलायची सोय नव्हती. तिचा आवाजच तसा होता. ती चुलीपाशी उभी राहून "ओ शोभेऽऽ" अशी हाक मारायची ती मला तिसऱ्या शेतात ऐकू यायची, आणि माझ्याबरोबर आणखी दोघी-तिघी वळून बघायच्या. भाकरी थापताना बोलायची, म्हैस पिळताना बोलायची, कुणी नसलं तर चुलीतल्या लाकडाशी बोलायची. "पेट की बाई, किती नखरे करून राह्यली!"

हे सगळं मी आज जालन्यातल्या माझ्या दोन खोल्यांत बसून लिहिते आहे. शाळेत मुलं शिकवता शिकवता माझा स्वतःचा आवाज बराच मोठा झालाय. मुलगी म्हणते, आई, हळू बोल, शेजारी ऐकतात. ती मायला भेटलेली नाही.

दिवाळी झाल्यावर, कापसाच्या दुसऱ्या वेचणीला, मायच्या अंगावरून वारं गेलं. ती पुढच्या ओळीत होती, मी मागच्या. तिचं बोलणं चालू होतं, अंबडला दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला दिवाळीला काय काय दिलं याचं, आणि ते मधेच थांबलं. मला वाटलं, आता पुढचं वाक्य आठवून राह्यली असेल. मान वर केली तर ती दिसेना. झाडांच्या मधे ती उजव्या कुशीवर पडली होती, ओटीतला कापूस सांडला होता आणि डावा हात तो गोळा करत होता.

जालन्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून आम्ही तिला घरी आणली. उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि बोलणं गेलं होतं. तोंडातून नुसता 'आं' असा आवाज निघायचा. तिला समजायचं सगळं. डॉक्टर म्हणाले होते, थंडी लागू देऊ नका, उजेडात ठेवा, हाताला काहीतरी काम देत राहा. बहीण पंधरा दिवस राहून गेली, तिची लेकरं लहान होती. मी बारावीला होते. सकाळी वाटेवर जाफराबादची जीप हॉर्न वाजवायची, थोडं थांबायची आणि निघून जायची. पहिले काही दिवस ड्रायव्हरनं वाट बघितली, मग तो हॉर्न वाजवायचाही बंद झाला. मी मायला ज्वारीच्या पातळ कण्या चमच्यानं भरवायचे, तिचं अंग पुसायचे, कपडे बदलायचे. ते मी चांगलं केलं असं लोक म्हणतात. मी काय मनात आणत होते ते लोकांना माहीत नाही. एकदा कण्या तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून परत परत गळत होत्या तेव्हा मी चमचा वाटीत आपटला. मायनं माझ्याकडं बघितलं आणि पुढचा घास तिनं घेतला नाही.

आमचं राहतं घर शेतातच होतं. पत्र्याचं, बुटकं, आणि खिडकी एकच, तीही उत्तरेला. पौषात त्या घरात दिवसा दहा वाजता चूल पेटलेली असूनही बोटं वाकडी व्हायची. मायचा उजवा हात आखडून छातीशी मुडपला. तेल लावून मी तो सरळ करायला लागले की ती डोळे मिटून घ्यायची. एका सकाळी दादा गोठ्यातून आले, तिच्या खाटेपाशी बसले आणि त्यांनी तिला गोधडीसकट उचललं.

"दादा, कुठं नेऊन राह्यले तिला?"

"पन्नीच्या घरात."

"तिथं काय हाय?"

"ऊन हाय," ते म्हणाले.

मी खाट घेऊन मागं पळाले. बाहेर दहिवर पडलेलं होतं, पाय बधिर होत होते, आणि पन्नीचा पडदा सारून आत गेलो तर आत फाल्गुन होता. ओल्या मातीचा वास, गरम, दाटसर. वरून ऊन गाळून आल्यासारखं दुधी दिसत होतं. दादांनी खाट मधोमध मांडली, माय तीवर पडली आणि वर बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं डाव्या हातानं गोधडी बाजूला सारली. दवाखान्यातून आल्यापासून तिनं स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट.

मग तो नेमच झाला. सकाळी ऊन चढलं की दादा तिला उचलून आत न्यायचे, दिवस कलायच्या आत परत घरात आणायचे. आमच्याकडं नवरा बायकोशी चारचौघांत दोन शब्द धड बोलत नसे, तिथं हा माणूस भर उजेडात बायकोला उचलून नेतोय हे रस्त्यावरून दिसायचं. लोक थांबून बघायचे. शेजारच्या शेतातली गयाकाकू मायची मैत्रीण. ती एकदा म्हणाली, "भावजी, माणसं हासून राह्यली."

"हासू द्या," दादा म्हणाले. "फुलं लावली तव्हाबी हासल्तेच की."

दुपारी अकराच्या सुमाराला आत उकडायला लागायचं, तेव्हा बाजूच्या पन्न्या गुंडाळून वारा आत घ्यावा लागायचा. ते काम दादा करायचे आणि मग तिथंच टेकायचे. त्यांनी मायचे केस विंचरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांना भांग पाडता आला नाही. माय 'आं आं' करत हातानं दाखवायला लागली, मधे, मधे, आणि दादांना घाम फुटला. मी पडद्याआडून बघत होते. पुढं त्यांना वेणीही घालता यायला लागली, सैल, एका बाजूला झुकणारी. मायला ठेच्याचा फार सोस होता आणि डॉक्टरांनी तिखट बिलकुल बंद केलं होतं. एकदा दादा माझ्या हातची भाकरी आणि ठेचा घेऊन तिच्यासमोर जेवायला बसले. तिनं ताटाकडं असं बघितलं की त्यांनी बोटाच्या टोकाला कणभर ठेचा लावून तिच्या जिभेवर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक गळायला लागलं, आणि ती हसली. अर्धंच हसली, अर्धा चेहरा तसाच राहिला, पण आम्ही ते हसणं पुरवून पुरवून घेतलं.

हाताला काम द्यायचं होतं. दादांनी जाफराबादहून रोपं करायचे काळे ट्रे आणले, त्यांच्या खळग्यांत नारळाचा भुसा भरला आणि मिरचीच्या बियांची वाटी मायच्या पोटावर ठेवली. एका खळग्यात एक बी. एका ट्रेमध्ये अठ्ठ्याण्णव खळगे. पहिल्या दिवशी एकही बी खळग्यात पडलं नाही. डाव्या हातानं ती उजव्या हाताचं मनगट धरायची, बोटं वाटीत बुडवायची, वर उचलायची आणि बी चादरीवर सांडायचं. दादा चादर झटकून बिया परत वाटीत टाकायचे. मला वाटायचं, पुरे करा हे. माघ लागला तेव्हा तिच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात चिमूट धरता यायला लागली. ज्या दिवशी तिनं एक अख्खी ओळ भरली, त्या दिवशी गयाकाकूनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आणि बिया उगवल्या. हिरव्या दोऱ्यासारखी रोपं उभी राहिली, सगळी मायच्या खाटेच्या दोन्ही अंगाला, फळ्यांवर. आमच्या बाजूला उन्हाळी मिरची घरटी लागते. बातमी पसरली तशा बायका यायला लागल्या, मायला नावानं सांगायच्या. कौसाबाई, मला दोन ट्रे ठेवा. कौसाबाई, मला पाच. काही जणी बसून बिया टोचू लागायच्या. मधोमध माय, भोवती बायका, गप्पा चाललेल्या, आणि एखादीचं काम बराबर नसलं की मायचा 'आं!' यायचा. जुन्या आवाजाची धार त्यात होती. दादा आता दारातून आत येताना खाकरायला लागले, बायकांचं घर झालं होतं ते. इतकी वर्षं रिकामं पडलेलं, कशालाच न लागलेलं ते घर त्या दोन महिन्यांत जसं भरलं तसं फुलांनीही कधी भरलं नव्हतं. मी हे आज म्हणते आहे. तेव्हा मी ट्रेला पाणी घालत असायचे आणि जीपच्या आवाजाकडं कान लावून असायचे.

बारावीचं हॉल तिकीट घ्यायचा शेवटचा दिवस होता. त्या आठवड्यात लाईट दिवसा होती, म्हणून दादांना खालच्या पट्टीत गव्हाला शेवटचं पाणी द्यायला जावं लागणार होतं. "तू जा," ते म्हणाले, "गया बसते तवर. पर दोनच्या जीपनं ये." मायनं माझ्या ओढणीची घडी डाव्या हातानं नीट केली. मी तिला सकाळी दोन धपाटे बारीक करून दह्यात कालवून भरवले आणि निघाले.

हॉल तिकीट बारा वाजताच हातात पडलं. चार महिन्यांनी मैत्रिणी भेटल्या होत्या. त्यांनी रसवंतीवर नेलं, मग एकीला फोटो काढायचा होता, तिघींनी मिळून काढू म्हणाली. दोनची जीप स्टुडिओच्या दारावरून गेली. मी ती बघितली. पळत गेले असते तर मिळाली असती. मी वळून आरशात बघितलं आणि भांग नीट केला. इतकंच केलं मी. त्या तासाभराचा मला आनंद झाला होता हेही लिहायला हवं, कारण ते खरं आहे.

तीनच्या जीपमध्ये बसले तेव्हा पश्चिमेला आभाळ जांभळं झालं होतं. अर्ध्या वाटेत गारा सुरू झाल्या. ड्रायव्हरनं जीप चिंचेखाली घेतली. टपावर दगड ओतल्यासारखा आवाज होत होता, बाया लेकरांना पोटाशी धरून बसल्या होत्या, आणि मी मनात म्हणत होते, गयाकाकू आहे, गयाकाकू आहे. गयाकाकू नव्हती. तिची कापलेली ज्वारी उघड्यावर पडली होती. आभाळ बघून ती घाबरली, शोभी आता येतच असेल असं मायला सांगून ती कडबा झाकायला पळाली. दोनच्या जीपची वेळ उलटून अर्धा तास झाला होता. तिचं गणित चुकलं नव्हतं.

मी फाट्यावर उतरले तेव्हा गारा थांबल्या होत्या. रस्ता पांढरा झाला होता, बांधावर मेलेल्या चिमण्या पडल्या होत्या. लांबूनच पन्नीच्या घराच्या चिंध्या वाऱ्यावर उडताना दिसल्या. मी चपला हातात घेऊन पळाले. आत रोपांचा चिखल झाला होता, फळ्या कोसळल्या होत्या. आणि खाटेवर दादा दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवे होते, मायच्या अंगावर छप्पर केल्यासारखे. खालच्या पट्टीतून ते पळत आले तोवर वरची पन्नी फाटली होती आणि तिला उचलून बाहेर नेणं शक्यच नव्हतं. सदरा पाठीला चिकटला होता, पाठ जागोजागी काळीनिळी पडली होती. मायनं डावा हात त्यांच्या डोक्यावर पसरून धरला होता. तिच्या बोटांच्या सांध्यांवरची सालं निघाली होती. गारा थांबलेल्या त्या दोघांना अजून कळलं नव्हतं.

"दादा," मी म्हणाले, "थांबलं."

ते बाजूला झाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कोरडं लुगडं आण. जल्दी."

माय पाण्यानं निथळत होती, ओठ निळे झाले होते. आम्ही तिला घरात नेलं, चुलीपाशी ठेवलं, शेक दिला. तिसऱ्या दिवशी ताप चढला, मग छातीत घरघर सुरू झाली. जालन्याला नेलं. डॉक्टरांनी बरेच प्रयत्न केले. पाडव्याच्या आधी ती गेली. जाताना तिचा उजवा हात माझ्या हातात होता आणि तिच्या दोन बोटांची चिमूट पक्की मिटलेली होती. ती सोडवायला मला धीर झाला नाही.

परीक्षेला मी बसले नाही, पुढच्या वर्षी बसले. दादांनी मला कधीच विचारलं नाही, दोनच्या जीपनं का आली नाहीस. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, नंतरही नाही. गयाकाकू माझ्या गळ्यात पडून रडली, मीच गेले गं टाकून, म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि रसवंतीचं सांगितलं नाही. पन्नीच्या घराकडं दादा फिरकेनासे झाले. फाटक्या पन्न्या उन्हाळाभर फडफडत होत्या. जेवताना तो आवाज यायचा आणि आम्ही दोघं मान खाली घालून भाकरी मोडायचो. रोपं न्यायला आलेल्या बायका बांधावरूनच परत गेल्या. पावसाळ्यात उरलीसुरली पन्नी गळून पडली आणि नुसते लोखंडी पाइप राहिले, आत गवत कमरेएवढं झालं.

पुढची थंडी सुरू झाली तेव्हा, एका सकाळी, शेजारच्या गावचा एक माणूस सायकलवर आला. चाळिशीचा, डोक्याला मफलर. ओटीवर बसला आणि म्हणाला, "बापाच्या अंगावरून वारं गेलंय. तुम्ही वैनीला पन्नीच्या घरात ठेवल्तं म्हणून आयकलं. त्यांची बोटं हालाय लागल्ती म्हणत्यात. आमच्याकडं असलं घर न्हाई, पर बांबू रोवून पन्नी टाकतो. कसं करायचं तेवढं सांगा."

दादांनी त्या पाइपांच्या दिशेनं बघितलं. मला वाटलं, आता उठून गोठ्यात जातील. ते उठले, पण म्हणाले, "चला."

मी पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन मागून गेले. दादा गवत पायानं दाबत आत शिरले आणि जिथं खाट असायची तिथं जाऊन उभे राहिले.

"खाट मधी घ्यायची. सकाळचं ऊन पायाकडून आलं पायजे, डोळ्यावर न्हाई. अकराच्या अदुगर बाजूच्या पन्न्या गुंडाळा, न्हाई तर माणूस उकडतो. घाम आला तर लगेच पुसायचा, वारं लागू द्यायचं न्हाई. हाताला कायतरी द्या. दाणे द्या, बिया द्या. सांडल्या तर सांडू द्या, रागवू नका. दिवस कलायच्या आत घरात."

त्या माणसानं मान डोलावली. "आन् काय?"

दादांनी पाइपावर हात ठेवला. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आन् एकटं सोडू नका," ते म्हणाले. "घडीभर बी न्हाई. मंग कायबी काम असू द्या. तेवढं आमचं चुकलं."

आमचं, म्हणाले ते.

पाहुण्यानं पाणी पिऊन तांब्या माझ्या हातात दिला. दादा त्याला पोचवायला बांधापर्यंत गेले, चालता चालता त्याला बांबू किती उंच लागतील ते हातानं दाखवत होते. मी त्या उघड्या पाइपांखाली, गवतात, बसले आणि माय गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले.